ऱ्हाईनच्या खोऱ्यातले पडके किल्ले: आधी अभंग मार्क्सबुर्ग, मग अवशेष

बिंगेन ते कोब्लेंझ हा ऱ्हाईनचा पट्टा जेमतेम 65 किलोमीटरचा. एवढ्या अंतरात नदी डोंगर कापत, वळणं घेत जाते आणि दोन्ही काठांवर मिळून 40 च्या आसपास किल्ले आणि पडके बुरूज दिसतात. 2002 साली या सगळ्या खोऱ्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फ्रँकफर्टहून सकाळी निघालं की दोनेक तासांत इथे पोचता येतं, म्हणून जर्मनीत राहणारी मराठी मंडळी पाहुणे आले की त्यांना इथे आणतातच. बहुतेकांचा बेत एकच असतो: रूडेसहाइमच्या गर्दीच्या गल्लीत जेवण, तासाभराची बोट, डेकवरून किल्ल्यांचे फोटो आणि परत. नदी छान दिसते, पण किल्ला काही कळत नाही.

मी या खोऱ्यात सात-आठ वेळा गेले आहे, त्यात दोनदा आई-बाबांना घेऊन. आम्ही साताऱ्याचे, अजिंक्यताऱ्यावर चढणं-उतरणं हा बाबांचा रोजचा व्यायाम होता. पहिल्या खेपेला मी त्यांना थेट ऱ्हाईनफेल्सच्या अवशेषांत नेलं. तासभर फिरून ते म्हणाले, "भिंती भक्कम आहेत गं, पण माणसं राहायची कुठे, स्वयंपाक कुठे व्हायचा, काही उमगत नाही." दुसऱ्या खेपेला मी क्रम बदलला. आधी मार्क्सबुर्ग दाखवला, जो कधी पडलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऱ्हाईनफेल्स. तेव्हा बाबाच मला बोट दाखवून सांगत होते, इथे चूल, इथे वरचा मजला, हा दरवाजा नंतर फोडलेला. म्हणून पुढचा सगळा बेत त्याच क्रमानं दिला आहे: दोन दिवस, एक मुक्काम, मोजकी ठिकाणं नीट बघायची आणि उरलेली नदीतून.

हे किल्ले पडले कसे

एवढं आधी माहीत असलं की अवशेष वेगळे दिसायला लागतात. यातले बरेचसे किल्ले जकातीसाठी बांधलेले. ऱ्हाईन म्हणजे मध्ययुगातला हमरस्ता. जो काठावरचा कडा धरून बसेल तो जहाजं अडवून पैसे घेणार. नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

मोठा विध्वंस झाला तो 1689 मध्ये. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजा या मुलखातून मागे हटताना एकेक किल्ला सुरुंगानं उडवत गेल्या. बाखाराखचा श्टालेक, ओबरवेझेलचा श्योनबुर्ग, बिंगेनसमोरचा एरेनफेल्स, सगळे त्याच वर्षी गेले. 1689 हे साल मराठी माणसाच्या मनात कायमचं कोरलेलं आहे. संभाजी महाराजांची हत्या आणि रायगडाचा पाडाव त्याच वर्षातले. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आपल्याकडे तो काळ कोणता चालू होता हे डोक्यात असलं की समोरच्या भिंतीचं वय चटकन उमजतं.

त्यानंतर 19 व्या शतकात प्रशियाच्या राजघराण्याला या अवशेषांचं वेड लागलं. त्यांनी ऱ्हाईनश्टाईन, श्टोल्झेनफेल्स असे काही किल्ले आपल्या कल्पनेप्रमाणे पुन्हा उभारले. त्यामुळे आज इथे तीन प्रकार दिसतात: अभंग राहिलेला, पडका आणि नव्यानं बांधलेला. ज्याच्या चर्या (तटाच्या माथ्यावरचे दगडी दाते) एकसारख्या, कोपरे धारदार आणि सगळं चित्रातल्यासारखं नीटनेटकं, तो बहुधा तिसऱ्या प्रकारातला. तेही सुंदर आहेत, पण वेळ कमी असेल तर ते बोटीतून पाहिले तरी चालतील.

कधी जायचं

एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात, नाहीतर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य. वसंतात उतारांवर चेरी फुलतात आणि शरदात द्राक्षमळे पिवळेधमक होतात. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडे तोंड असलेल्या मळ्यांच्या वाटा तव्यासारख्या तापतात आणि सावलीला एक झाड नसतं. नोव्हेंबर ते मार्च बरेच किल्ले बंद असतात आणि बोटी जवळपास थांबलेल्या असतात. मार्क्सबुर्ग मात्र नाताळचे दिवस सोडले तर वर्षभर उघडा असतो.

सोमवार टाळा. काउबचा बेटावरचा किल्ला आणि इतर अनेक ठिकाणं त्या दिवशी बंद असतात. सप्टेंबरमधल्या काही शनिवारी नदीवर आतषबाजीचा उत्सव असतो. ओबरवेझेल आणि झांक्ट गोआर या गावांत त्या रात्री खोली मिळत नाही आणि गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. उत्सवच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण किल्ले निवांत बघायचे तर त्या तारखा सोडा.

निघण्याआधी काउबची पाणीपातळी इंटरनेटवर बघून घ्या. काउबचं मोजमाप या पट्ट्यासाठी प्रमाण धरतात आणि त्याचे आकडे रोज जाहीर होतात. पूर आला की बोटी थांबतात. पाणी फार उतरलं तरी बोटींचं वेळापत्रक बिघडतं. 2018 चा शरद आणि 2022 चा ऑगस्ट असे गेले. तेव्हा तर बिंगेनजवळच्या बेटावर लोक चालत जात होते.

गाड्या, होड्या आणि पुलाविना नदी

नवख्या माणसाची फजिती इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. माइंझ-वीसबाडेनपासून कोब्लेंझपर्यंत या नदीवर एकही पूल नाही. दोन्ही काठांवरून रेल्वे जाते, पण त्या दोन वेगळ्या लाइनी आहेत. समोरच्या काठावर आपली गाडी उभी दिसते आणि आपण या काठावर, हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे. तिकीट आणि वेळ बघताना गाव कोणत्या काठावर आहे हे आधी पक्कं करा.

उजव्या काठावर आरबी 10 ही गाडी धावते: फ्रँकफर्ट, वीसबाडेन, रूडेसहाइम, काउब, झांक्ट गोआर्सहाउझेन, काम्प-बोर्नहोफेन, ब्राउबाख, कोब्लेंझ. डाव्या काठावर आरबी 26: माइंझ, बिंगेन, बाखाराख, ओबरवेझेल, झांक्ट गोआर, बोपार्ड, कोब्लेंझ. दोन्ही साधारण तासाला एक. डाव्या काठावर आरई 2 ही जलद गाडीही आहे, पण ती प्रत्येक छोट्या गावाला थांबत नाही. उजवा काठ मालगाड्यांचा असल्यामुळे तिथे दुरुस्तीची मोठी कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. आदल्या रात्री रेल्वेचं ॲप उघडून खात्री करा.

काठ बदलायला वाहनं नेणाऱ्या होड्या आहेत: बिंगेन-रूडेसहाइम, नीडरहाइमबाख-लोर्ख, काउब, झांक्ट गोआर-झांक्ट गोआर्सहाउझेन, बोपार्ड. माणसांना तिकीट अगदी थोडं असतं आणि पाच-दहा मिनिटांत पलीकडे पोचतो. सुटे पैसे जवळ ठेवा. कार्ड चालेल या भरवशावर राहू नका. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा.

जर्मनीत राहत असाल तर डॉइचलांड-टिकीट पुरतं. 2026 पासून ते महिन्याला 63 युरो आहे आणि या सगळ्या लोकल गाड्यांना चालतं. आयसी आणि आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. पाहुण्यांसाठी ऱ्हाईनलांड-फाल्झ राज्याचं एक दिवसाचं तिकीट बघा. ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं आणि माणसं वाढली की डोई खर्च कमी होतो. कामाच्या दिवशी ते सकाळी 9 नंतरच चालतं, आणि त्याची हद्द कुठे संपते ते तिकीट घेतानाच विचारून घ्या, कारण फ्रँकफर्ट दुसऱ्या राज्यात येतं.

सोबत काय घ्यायचं

बूट चांगल्या पकडीचे हवेत. इथला खडक म्हणजे स्लेट, आपल्या शाळेतल्या पाटीच्याच जातीचा दगड. कोरडा असताना पायाखाली खापरांसारखा वाजतो आणि ओला झाला की साबणासारखा निसटतो. सह्याद्रीतल्या बेसॉल्टवर पाऊल ठेवायची सवय असलेला माणूस इथे हमखास घसरतो, कारण त्या दगडाला खरखर असते आणि याला नसते. हातात काठी असली तर उतरताना बरं पडतं.

दोन लिटर पाणी घरूनच भरून घ्या. चढावर दुकानं नाहीत आणि रविवारी गावातलीही बंद असतात. खाण्याचं शनिवारीच घेऊन ठेवा. ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी यांना पर्याय नाही. शाकाहारी मंडळींनी फ्लामकुखन (पातळ पिझ्झासारखी रोटी) मागवताना त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात हे लक्षात ठेवून "त्याशिवाय द्या" असं आवर्जून सांगावं. शरदात मिळणाऱ्या कांद्याच्या केकमध्येही तेच असतं. बटाट्याची धिरडी आणि सफरचंदाचा मुरांबा मात्र मागवा, फक्त धिरड्यांत बहुधा अंडं असतं, ते चालत नसेल तर आधी विचारून घ्या.

टॉर्च घ्या, मोबाइलचा उजेड तळघरांत अपुरा पडतो. गवतातून चालायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि मोजे घाला. इथल्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून आजार पसरतात, म्हणून रात्री गुडघ्यामागे, काखेत, कानामागे तपासा. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढा आणि पुढचे काही आठवडे त्या जागी लाल चकती उमटते का हे बघत राहा. उमटली तर डॉक्टरकडे जा. तातडीच्या मदतीचा क्रमांक 112.

पहिला दिवस, सकाळ: मार्क्सबुर्ग

फ्रँकफर्टहून आरबी 10 पकडा आणि वीसबाडेननंतर डाव्या खिडकीला बसा. रूडेसहाइमनंतर नदी त्या बाजूला सोबत करते. ब्राउबाखला उतरून गावातून वर चढायला 20 ते 30 मिनिटं लागतात. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात, फेरी साधारण 50 मिनिटांची. इंग्रजी फेऱ्या ठरावीक वेळीच असतात, म्हणून त्या वेळा आधी बघून मगच गाडी ठरवा. 1899 साली स्थापन झालेल्या जर्मन किल्ले-संघटनेकडे हा किल्ला 1900 पासून आहे आणि त्यांनी तो जीव लावून जपला आहे.

आत गेल्यावर मनात एक यादी करत जा. उद्या पडक्या भिंतींत तुम्हाला हेच शोधायचं आहे.

पहिल्यांदा दरवाजे मोजा. एकामागून एक चार लागतात आणि मधली वाट खडकात खोदलेली, घोड्यांसाठी रुंद पायऱ्यांची. आपल्या गडांवरच्या दरवाजांच्या माळेमागेही हाच हेतू असतो: शत्रू दरवाजा फोडून आला तरी अरुंद जागेत वरून माऱ्याखाली यावा. मग मधला उंच बुरूज बघा. त्याला जर्मनमध्ये बेर्गफ्रीड म्हणतात. आपला बुरूज तटातून बाहेर आलेला असतो. हा तटाच्या आत एकटा उभा. त्याचं मूळ दार बहुतेक वेळा जमिनीपासून बरंच उंच असतं आणि तिथे शिडीनं जायचे. शिडी वर ओढली की आतला सुरक्षित.

नंतर राहण्याचं घर, पालास. त्यात स्वयंपाकघर आहे, माणूस आत उभा राहील एवढी चूल आहे. चुलीचं धुराडं भिंतीतून वर कसं जातं ते नीट पाहून ठेवा. वरच्या मजल्याच्या लाकडी तुळया भिंतीत कुठे घुसल्या आहेत तेही पाहा. आणि भिंतीबाहेर लटकलेली ती छोटी दगडी पेटी चुकवू नका, ते शौचकूप. रायगडावर, राजगडावर शौचकूप बघितलेल्या माणसाला त्याचं कौतुकच वाटतं.

पहिला दिवस, दुपार: दोन भावांचे किल्ले

ब्राउबाखहून परतीच्या दिशेची आरबी 10 घेऊन काम्प-बोर्नहोफेनला उतरा. वर एकाच धारेवर दोन पडके किल्ले, श्टेरेनबेर्ग आणि लीबेनश्टाईन. खालच्या यात्रेच्या मठापासून पायवाट चढते, पाऊण तास धरा. निळ्या पाटीवर पांढरा आर दिसला की समजायचं, ऱ्हाईनश्टाईग या 320 किलोमीटरच्या पायवाटेवर आहोत.

इथली दंतकथा सगळ्यांना तोंडपाठ: दोन भावांचं वैर झालं आणि त्यांनी मध्ये भिंत घातली. या जोडीला शत्रू भाऊ असंच म्हणतात. भिंत आहे, जाडजूड आहे, पण ती भाऊबंदकीची नाही. डोंगराच्या सोंडेवर किल्ला असला की नदीच्या बाजूनं कडा असतो आणि धोका मागच्या डोंगराकडून असतो. म्हणून त्या बाजूला सगळ्यात उंच, सगळ्यात जाड भिंत घालायची. जर्मनमध्ये तिला ढालभिंत म्हणतात. श्टेरेनबेर्गच्या या भिंतीजवळ उभं राहून मागे वळून बघा. चढ तिच्याकडे उतरत येतो हे दिसलं की भिंतीचं कारण कळतं. आपल्याकडे सोंडेवरचा गड मागच्या डोंगराला जिथे जोडलेला असतो तिथे खिंड तोडून तट चढवतात, तीच युक्ती.

लीबेनश्टाईन मुळात श्टेरेनबेर्गचाच पुढचा भाग म्हणून 13 व्या शतकात बांधला गेला. पुढे तो वारसांत वाटला गेला आणि एकाच तटात अनेक घराण्यांची स्वतंत्र बुरूजवजा घरं उभी राहिली. वाटणीचे किल्ले ही इथली रीतच होती. दोन्हीकडे बसून काही खाता येतं, पण हंगामाबाहेर त्यावर विसंबू नका.

संध्याकाळी खाली उतरून झांक्ट गोआर्सहाउझेनपर्यंत गाडी आणि तिथून होडीनं पलीकडे झांक्ट गोआर. मुक्काम तिथेच करा. रात्री दोन्ही काठांवरून मालगाड्या जातात. झोप हलकी असेल तर मागच्या बाजूची खोली मागा.

दुसरा दिवस, सकाळ: ऱ्हाईनफेल्स

गावातून चढायला 15-20 मिनिटं. उघडताच आत जा, म्हणजे बोटीची गर्दी यायच्या आत दोन तास मिळतात. तिकीट घेताना आज कोणता भाग खुला आहे ते विचारा; डागडुजीमुळे काही भाग बंद ठेवतात.

काउंट डीथर पाचवा, काट्झेनएल्नबोगेन घराण्याचा, यानं 1245 मध्ये हा किल्ला जकातीसाठी बांधला. जकात वाढली तशी ऱ्हाईनकाठची शहरं एकत्र आली आणि 1255 मध्ये वेढा घातला. वर्षभराहून जास्त वेळ वेढा चालला, किल्ला पडला नाही. 1692 मध्ये लुईच्या प्रचंड फौजेनंही प्रयत्न केला आणि तीही परतली. शेजारचे किल्ले धडाधड कोसळले असताना हा टिकला, आणि मग 1794 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजेला एकही गोळी न झाडता सोडून दिला गेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो सुरुंगांनी उडवला. नंतर त्याचे दगड कोब्लेंझसमोरच्या एरेनब्राइटश्टाईन किल्ल्याच्या बांधकामाला वाहून नेले. आपल्याकडे 1818 मध्ये इंग्रजांनी गडांच्या वाटा आणि दरवाजे तोफा-सुरुंगांनी फोडले, त्यांच्या खुणा पाहिलेल्या असतील तर इथली मोडतोड ओळखीची वाटेल.

आधी आतल्या संग्रहालयात जा. किल्ला अभंग असताना कसा होता त्याची प्रतिकृती तिथे ठेवली आहे. तिच्यासमोर दहा मिनिटं उभं राहा, फोटो काढा आणि मग बाहेर पडा, कारण आज उभं आहे ते मूळ पसाऱ्यातलं थोडंच.

आता भिंत वाचायची. बाबांनी ज्या भिंतीसमोर सगळ्यात जास्त वेळ घालवला तिचंच सांगते. डोक्यावर दीड पुरुष उंचीला एका ओळीत चौकोनी खोबण्या दिसतात, हाताची मूठ सहज जाईल एवढ्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. तिथे मजल्याच्या तुळया बसवलेल्या होत्या. ती ओळ म्हणजे वरच्या खोलीची जमीन. तिच्या वर नजर नेली की अधांतरी, कुठेच न टेकलेला एक कोनाडा दिसतो, आतून काळवंडलेला. ती चूल. मजला गेला, लाकूड जळालं, चूल भिंतीला चिकटून राहिली. त्याच्याही वर भिंत एकदम पातळ झाली की समजा आणखी एक मजला होता आणि भिंतीच्या त्या पायरीवर तो टेकला होता. याउलट, विखुरलेल्या, आरपार गेलेल्या छोट्या भोकांना फसू नका. ती बांधकामाच्या वेळी परांचीचे वासे खोचायला ठेवलेली.

भिंत जिथे फुटली आहे तिथे तिचं पोट दिसतं. बाहेरून आणि आतून रचलेले दगड, मध्ये चुन्यात कालवलेली खडी. उघड्या दगडाचं हे रूप अवशेषांचं आहे, किल्ल्याचं नाही. नांदते असताना या भिंतींना गिलावा आणि वर रंग असायचा. काउबचा बेटावरचा किल्ला आज पांढरा-लाल रंगवलेला दिसतो तो जुन्या रंगाप्रमाणेच. एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात गिलाव्याचा तुकडा अजून धरून असतो. दिसला तर बघा, हात लावू नका, तो भुगा होऊन पडतो.

जंग्या, म्हणजे मारा करायच्या फटी, तपासा. उभ्या, अरुंद फटी बाणांसाठी; खाली किंवा मध्ये गोल भोक पडलेलं असेल तर तिथे बंदूक आली. एकाच किल्ल्यात दोन्ही प्रकार सापडले की शतकं बदलल्याचं कळतं.

मोठं तळघर चुकवू नका. कमानीचं एवढं प्रचंड, मध्ये एकाही खांबाचा आधार नसलेलं तळघर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. बाहेरच्या तटबंदीखाली सुरुंगांचे बोळ आहेत: शत्रू वर तळ देऊन बसला की खालून दारू ठासून उडवायची. बोळ बुटके आणि काळेकुट्ट आहेत. आत जायची मुभा असेल तरच जा, टॉर्च हातात ठेवा, आणि गुडघे दुखणाऱ्यांना किंवा कोंडल्यासारखं होणाऱ्यांना बाहेर उन्हात बसू द्या. आई बाहेरच थांबली होती, तिथून नदीचं वळण आणि समोरचा काट्झ किल्ला दिसतो. तो खाजगी आहे, आत जाता येत नाही.

तटावर चढू नका, मुलांना चढू देऊ नका. सुटा दगड हलला की खालच्याच्या डोक्यात जातो. दगड खिशात घालून आणू नका. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी परवानगी लागते का ते बघा. बहुतेक ठिकाणी बंदीच असते.

दुपार: बोटीनं बाखाराख

झांक्ट गोआरच्या धक्क्यावरून प्रवाहाविरुद्ध, म्हणजे बाखाराखच्या दिशेनं जाणारी बोट घ्या. तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. प्रवाहाबरोबर येणारी बोट भरभर जाते आणि बघायला वेळ उरत नाही, म्हणून दिशा हीच. कोल्न-ड्युसेलडोर्फर कंपनीच्या बोटी साधारण ईस्टर ते ऑक्टोबर चालतात. तिच्याकडे 1913 साली बांधलेली गोएथे ही बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत जाणारी बोट आहे. ती त्या दिवशी असेल तर तिचीच वेळ धरा.

सुरुवातीला डाव्या कठड्याला उभे राहा. काट्झ मागे पडतो आणि लोरेलायचा 132 मीटरचा कडा येतो. नदी इथे अरुंद आणि खोल आहे, आणि लांबलचक मालवाहू बोटी वळण घेताना किती जपून येतात ते बघण्यासारखं असतं. काठावर पांढऱ्या पाट्यांवर मोठे आकडे आहेत. ते किलोमीटर, कोन्स्टान्सच्या पुलापासून मोजलेले. लोरेलायला 554 वाचायला मिळेल. लहान मुलांच्या हातात कागद देऊन कोणत्या आकड्याला कोणता किल्ला आला ते लिहायला सांगा, बोटभर धावण्यापेक्षा बरं.

मग उजवीकडे या. ओबरवेझेलचा तट आणि वर श्योनबुर्ग. पुन्हा डावीकडे काउब, आणि नदीच्या मधोमध पफाल्झग्राफेनश्टाईन, जहाजासारखं टोक प्रवाहाकडे केलेला. 1326-27 मध्ये राजा लुडविग यानं तो जकातीसाठी उभारला आणि 19 व्या शतकापर्यंत तिथे जकात घेतली जात होती. तिसरा दिवस हाताशी असेल तर काउबहून छोट्या होडीनं आत जा. आपल्या जंजिऱ्यांची आठवण येते, फक्त इथे समुद्राऐवजी वाहतं पाणी आहे.

बाखाराखला उतरलात की वेर्नर कापेल हे छप्पर नसलेलं लाल दगडाचं गॉथिक चर्च गावाच्या वर दिसतं. 1689 मध्ये वरचा श्टालेक उडवला तेव्हा कोसळलेल्या राडारोड्यानं ते मोडलं. उंच रिकाम्या कमानींतून आकाश दिसतं आणि सगळे तिथे फोटो काढतात. पण ते कशासाठी बांधलं हे माहीत असायला हवं. 1287 मध्ये वेर्नर नावाच्या मुलाच्या मृत्यूचा खोटा आळ ज्यूंवर घेतला गेला आणि या काठच्या गावांत ज्यूंची कत्तल झाली. त्या मुलाला संत मानून हे चर्च उभं राहिलं. 1963 मध्ये त्याचा सण चर्चच्या दिनदर्शिकेतून काढला गेला. तिथे थोडा वेळ शांत उभं राहावं असं मला वाटतं.

वर श्टालेक आहे. 20 व्या शतकात पुन्हा बांधला आणि आज तिथे युवा वसतिगृह आहे. कुटुंबालाही खोली मिळते, पण महिनोन्‌महिने आधी बुकिंग करावं लागतं. अंगणातून नदीचा देखावा बघायला मुक्काम लागत नाही. उतरताना गावाच्या तटावरच्या द्राक्षमळ्यातल्या बुरुजापर्यंत जाऊन या. द्राक्षं पिकायच्या दिवसांत मळ्यांतल्या काही वाटा बंद करतात, तशी पाटी दिसली तर मागे फिरा.

संध्याकाळ: बिंगेन

बाखाराखहून आरबी 26 नं बिंगेन हाउप्टबानहोफला उतरा. बिंगेनची दोन स्टेशनं आहेत. बिंगेन श्टाट हे दुसरं, तिथे उतरलात तर बरंच चालावं लागेल. हाउप्टबानहोफजवळच नदीकाठची बाग आहे आणि समोर बेटावर मॉइझेटुर्म, उंदरांचा मनोरा. दुष्काळात गरिबांना जाळणाऱ्या हाट्टो नावाच्या बिशपला उंदरांनी तिथे खाल्लं अशी कथा सांगतात. खरा मनोरा जकातीचा, आणि नावही जुन्या जकात या शब्दावरून आलं असावं. 1974 पर्यंत त्यावरून जहाजांना खुणा द्यायचे.

त्याच्या मागे, पलीकडच्या उतारावर एरेनफेल्सचे अवशेष. आत सहसा जाता येत नाही, आणि जायची गरजही नाही. उतार दक्षिणेला तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळचं ऊन थेट भिंतीवर येतं. दोन बुरूज, मधली ती उंच जाड भिंत, आणि तिच्यामागून उतरत येणारा मळ्यांचा चढ. बाबांनी बाकावर बसून चष्मा पुसला आणि म्हणाले, "ढालभिंत बघ, डोंगराकडेच आहे." मग त्यांनी मोबाइल मागून घेतला आणि पाच मिनिटं फोटो मोठा करून तुळयांच्या खोबण्या शोधत बसले. माइंझच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात. एक सुटली तरी पुढची तासाभरात येते.